द्राक्षांच्या गावातलं गरम पाणी

परत आल्यापासून घाटकोपरला आमच्या भटवाडीत जो भेटतो तो हेच विचारतो, "तिकडे म्हणे रिसॉर्टशिवाय राहताच येत नाही?" येतं. नाशिकच्या पलीकडे, दिंडोरीच्या बाजूला, वाइनच्या द्राक्षमळ्यांमध्ये एक लहान गाव आहे. गावात गरम पाण्याचं कुंड आहे, देवीचं देऊळ आहे, देवळाचा भक्तनिवास आहे. गावाबाहेर काचेच्या भिंतींचे रिसॉर्ट आहेत. ते त्याच झऱ्याचं पाणी पाइपाने नेतात आणि त्याला स्पा म्हणतात. कुंडात तेच पाणी फुकट मिळतं. हे सगळं मी नीट सांगणार आहे, कारण फुकट मिळणाऱ्या गोष्टीची जाहिरात कोणी करत नाही.

गावाचं नाव मात्र लिहीत नाही. माझा धाकटा भाऊ उदय तिथल्या एका वायनरीत कंत्राटावर कामाला आहे, आणि पुढे जे लिहिलंय ते त्याच्या मालकांना आवडेलच असं नाही.

निघण्याआधी

आमचे वडील, अण्णा, विक्रोळीच्या एका कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तरी युनियन सुटली नाही. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे मला 'एक होता राजा'च्या आधी येत होतं.

आई पत्रकं लिहीत नव्हती, ती वाटायची. नाक्यावर देशी दारूचा बार होता. आईने वस्तीतल्या बायका गोळा केल्या आणि मतदान घ्यायला लावलं. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे बार राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. बायकांनी बाटली आडवी केली. त्या दिवशी आईने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, दारूचा पैसा माझ्या घरात येणार नाही. अण्णांनी तो शब्द धरून ठेवला, जसा ते प्रत्येक शब्द धरून ठेवतात.

उदयने हॉटेलचा कोर्स केला, अंधेरीच्या एका हॉटेलात लागला, ते हॉटेल बंद झालं, आणि मग त्याने वायनरीतली ही नोकरी घेतली. अण्णांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. आमच्याकडे बोलणं टाकलं म्हणजे माणूस समोर असला तरी निरोप तिसऱ्याकडून जातो. आधी तो आईकडून जायचा. गेल्या वर्षी आई गेली आणि ते काम माझ्याकडे आलं. स्मशानातसुद्धा अण्णा उदयच्या हातभर अंतरावर उभे होते आणि मला म्हणाले, "तेका सांग, पुढे हो म्हणान."

आता आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. अण्णा श्राद्धबिद्ध मानत नाहीत, पण त्या दिवशी वस्तीतल्या लोकांना घरी जेवू घालायचं त्यांनी ठरवलं होतं. उदयचा फोन आला. "ताई, आईच्या दिवसाला मी येऊ का? अण्णांना विचार ना." मी विचारलं. अण्णांनी पेपरचं पान उलटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाले, "गुडघे दुखतंत."

डॉक्टरांनी त्यांना गरम पाण्याचा शेक सांगितलाच होता. मी म्हटलं, चला, शेकायला जाऊ. कुठे, तेही सांगितलं. लपवलं नाही. अण्णा म्हणाले, "मी पाण्यासाठी येतंय. दुसऱ्या कित्याक नाय." त्यांच्याकडून हो येवो की नाही येवो, ते उदयला समोर ऐकू यावं, एवढंच माझं काम होतं.

भक्तनिवास आणि खानावळ

जानेवारी सरत आलेला. आमच्या घाटकोपरला ज्याला थंडी म्हणतात, ती तिथे दुपारची हवा असते. संध्याकाळी सहानंतर कानटोपी नसेल तर बोलताना दात वाजतात. भक्तनिवासाच्या खोल्या स्वच्छ आहेत, फक्त खिडक्या नीट लागत नाहीत. चादर आपली न्यावी.

उदय काम संपवून भेटायला आला. वायनरीचा तपकिरी शर्ट त्याने स्वेटरखाली दडवला होता, पण कॉलर दिसत होती. त्याने अण्णांच्या पायाला हात लावला. अण्णांनी पाय मागे घेतला नाही. आम्ही देवळामागच्या खानावळीत जेवायला गेलो. पिठलं, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, कांदा. नाशिक म्हटलं की लोक मिसळ-मिसळ करतात. ती सकाळी खा. दही आणि पापडासकट येते, रस्सा काळा असतो आणि आपल्याकडच्यापेक्षा तेल जास्त. रात्री मात्र हे पिठलंच खा.

अण्णा भाकरी मोडत म्हणाले, "तेका सांग, माझ्यासाठी पैसे काढू नको म्हणान."

"अण्णा, तो इथेच बसलाय."

"म्हणानच सांग."

उदय ताटातून मान वर न काढता म्हणाला, "ताई, त्यांना सांग, पिठल्याने कोणी कंगाल होत नाही. आणि वाट लागणारच असेल तर माझी लागेल, त्यांची नाही."

"अण्णा, तो म्हणतो..."

"ऐकलंय. बहिरो नाय मी."

खानावळीच्या बाई भाकरी घेऊन आल्या होत्या. त्यांनी हे सगळं ऐकलं आणि मला हळूच विचारलं, "आजोबांना मराठी समजत नाही का?"

"समजतं," उदय म्हणाला. "माझंच समजत नाही."

बाई हसल्या. मलाही हसू आलं. अण्णांनी चटणी मागितली, माझ्याकडे. चटणी उदयसमोर होती. त्याने वाटी माझ्याकडे सरकवली, मी ती अण्णांकडे सरकवली. हसू तिथेच संपलं. 

पहाटेचा मळा

दुसरी फुकट गोष्ट म्हणजे पहाटेची काढणी बघणं. गावाबाहेरून कालव्याचा रस्ता मळ्यांमधून जातो आणि त्यावर चालायला कोणी अडवत नाही. वाइनची द्राक्षं अंधारातच काढतात. ऊन लागून घड तापले तर माल बिघडतो म्हणे. द्राक्ष गरम होऊ नये म्हणून माणसाने गारठ्यात उठायचं, असा हिशोब आहे.

काढणीला सुरगाणा, पेठकडून माणसं येतात. मळ्याच्या कडेला ताडपत्रीच्या झोपड्या होत्या. बायका डोक्याला दिवा बांधून ओळीत सरकत होत्या. एका हाताने घड धरायचा, दुसऱ्याने कात्री मारायची, क्रेटमध्ये ठेवायचा. टाकायचा नाही, ठेवायचा. बोलणं फार कमी. धुकं इतकं होतं की ओळीच्या टोकाला फक्त दिवे हलताना दिसायचे.

एकीने मला घडातून चार मणी काढून दिले. साल जाड, आत बियाच बिया.

"ही खायची नसतात," ती म्हणाली.

"मग तुम्ही खात नाही?"

"भूक लागली तर खातो. पण पोट नाही भरत याने."

हे मी सुंदर निसर्गदृश्य म्हणून लिहू शकले असते. सूर्य वर आल्यावर मळे खरंच सुंदर दिसतात. पलीकडे धरणाचं पाणी आणि त्यामागे डोंगरांची रांग. फोटोही चांगले येतात. पण फोटोत झोपडी येऊ नये म्हणून लोक कोणत्या बाजूला उभे राहतात, तेही मी बघितलं.

चाखायची खोली

वायनरीत वाइन चाखायला तिकीट लागतं. नुसतं फिरून बघायला लागत नाही, तेव्हा तेवढं करून परत फिरा. अण्णा फाटकाच्या आत यायलाच तयार नव्हते. बाहेर निलगिरीखाली एक सिमेंटचा बाक होता, तिथे ते काठी टेकून बसले. मी आत गेले.

पवईहून आलेला एक गट होता, ऑफिसातले सगळे. समोर उदय. त्याला मी असं कधी पाहिलं नव्हतं. पाठ सरळ, आवाज मऊ, हिंदी-इंग्रजीत एकही शब्द अडत नाही. पेला तिरका धरून रंग बघा, मग फिरवा, मग वास घ्या, मग घोट. घोट त्याने तोंडात फिरवला आणि बाजूच्या स्टीलच्या भांड्यात थुंकला. आमच्या घरात दारूच्या दुकानासमोरून जाताना आई तोंड फिरवून थुंकायची. इथे थुंकायलाही पगार होता.

गटातला एकजण म्हणाला, "क्या यार, खुद नहीं पीते?"

"ड्यूटी पे नहीं सर."

गट पुढच्या दालनात गेला तेव्हा तो माझ्याजवळ आला. "ड्युटी नसताना पण नाही, ताई. तुला खोटं वाटेल."

"का पण?"

"दर रविवारी फोनवर आई विचारायची ना. आता कोणी विचारत नाही, तरी नाही जमत."

मला जे वाटतं ते लिहिते. नाक्यावर दारूची पिशवी विकणारी बाई पकडली गेली की तिला व्हॅनमधून नेतात. इथे हिरवळ आहे, गिटार आहे, लहान मुलांना खेळायला घसरगुंडी आहे. गरिबाने प्यायली तर व्यसन आणि यांनी प्यायली तर संस्कृती. मी हे उदयला म्हटलंही. तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं. मग पगार तू देतेस का?" आणि पेले पुसायला गेला.

बाहेर येऊन मी अण्णांना सांगितलं की तो पीत नाही. तोंडात घेतो आणि थुंकतो.

त्यांनी विचार केला. "लोकांका पाजता मा?"

"पाजतो."

"मग झाला."

परतताना गावच्या बाजारातून त्यांनी पावशेर बेदाणे घेतले. बेदाणे तिथे स्वस्त आणि खरंच चांगले मिळतात, आपल्याकडे दुकानात मिळतात तसे चिकट नसतात. चालता चालता एकेक तोंडात टाकत ते म्हणाले, "द्राक्षाने वाळावं. आंबू नये." हे त्यांनी पुस्तकी मराठीत म्हटलं, जसं पत्रकात लिहितात.  संध्याकाळी आम्ही धरणाच्या भिंतीवर बसलो. तेही फुकट आहे. रिसॉर्टच्या बाजूने गाण्याचा आवाज येत होता. उदयला संध्याकाळची पाळी होती, तो आला नाही, आणि अण्णांनी दोनदा रस्त्याकडे मान वळवून बघितलं.

कुंड

आता पाणी. उजाडताच जावं, उन्हं वर आली की गर्दी होते. जुने कपडे घालावेत. अंगावर चांदी असेल तर काढून ठेवावी, गंधकाने काळी पडते. पहिल्यांदा पाय घातला की ओरडावंसं वाटतं, मग दोन मिनिटांनी बाहेर यावंसं वाटत नाही. वास सुरुवातीला नकोसा होतो, तोही नंतर कळेनासा होतो.

कुंडं दोन आहेत, मधे उंच भिंत. एक बाप्यांचं, एक बायकांचं. हे मी आधी विचारूनच घेतलं नव्हतं. अण्णांना पायऱ्या उतरवायला मी बरोबर आहे, असं धरून चालले होते. घरीही संडासापर्यंत त्यांचा हात मीच धरते. फाटकाशी बसलेल्या बाईंनी मला अडवलं. "तुम्ही इकडून. तिकडे बाप्ये."

"अहो, त्यांना उतरता येत नाही. पायऱ्या ओल्या आहेत."

"मग कोणी बाप्या नाही का बरोबर?"

होता. उदय रात्री उशिरा पाळी संपवून, नीट न झोपता, टॉवेल घेऊन मागे उभा होता.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "तेका सांग..." म्हणाले आणि थांबले. काय सांगू, हे त्यांनाही सुचलं नसावं. मी त्यांची काठी घेतली आणि बायकांच्या बाजूला वळले. मागे वळून बघितलं नाही.

पाण्यात निफाडच्या एक बाई गळ्यापर्यंत बुडून बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "काय दुखतं तुमचं?"

"माझं काही नाही. वडिलांचे गुडघे."

"मग तुम्ही का उतरल्या?"

"फुकट आहे म्हणून."

"हे बरं केलं," त्या म्हणाल्या आणि सरकून जागा दिली. मग त्यांच्या सुनेची कहाणी सुरू झाली. मी हं हं करत होते आणि कान भिंतीला लावले होते. पलीकडे पुरुषांचा गलका, कोणीतरी देवीचं नाव घेत होतं. त्यातून उदयचा आवाज आला.

"पाय इथे. नाही, डावा आधी."

 मग अण्णा. "धरलंस मा?"

"धरलंय."

एका वर्षाहून जास्त काळात मी त्या दोघांचे शब्द एकमेकांना थेट लागताना ऐकले नव्हते. निफाडच्या बाई सुनेवरून व्याह्यांवर आल्या होत्या. मी त्यांना हाताने थांबवलं आणि त्या खरंच थांबल्या. पाणी हलल्याचा आवाज, कोणाचा तरी खोकला, आणि मग अण्णा, अगदी हळू, पण भिंत उघडी होती वरून.

"तुझ्या आवशीक ह्या पाणी आवाडला असता."

उदय काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. 

बाहेर आले तेव्हा दोघे ओट्यावर बसले होते, मधे एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून. अण्णांचा चेहरा लाल झाला होता, केस चिकटलेले. मला बघताच म्हणाले, "तेका सांग, माझो टॉवेल खय?"

"अण्णा, आत बोलत होतात ना? मी ऐकलं."

"तां पाण्यात," ते म्हणाले. "पडलो असतंय तर?"

उदयने टॉवेल माझ्या हातात दिला.

एसटी स्टँड

परतीची गाडी दुपारची होती. उदय पोचवायला आला. स्टँडवर कटिंग मिळत नाही, पूर्ण कपच घ्यावा लागतो, आणि चहात आलं इतकं असतं की घसा सोलतो. आम्ही तिघे चहा पीत उभे होतो. अण्णांनी अजून काहीच सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आलो तसेच जाणार.

गाडी लागली, मी पिशव्या आत ठेवून आले, तेव्हा अण्णा काठीकडे बघत म्हणाले, "तेका सांग, आवशीच्या दिवसाक ये म्हणान. माणसां खूप आसतली. वाढूक हात होये."

मी उदयकडे वळले. सांगायची गरज नव्हती. त्याने कप खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद यायला हवा होता आणि तो आलाही, पण लगेच दुसरं काहीतरी आलं.

"ताई, त्यांना सांग..." तो म्हणाला. "मी कालच रजा मागितली होती, अण्णा ये म्हणाले तर असावी म्हणून. काढणीत रजा नाही देत. कोणालाच नाही."

अण्णांची मान वर आली. "रजा नाय म्हणजे?"

"हंगाम आहे."

"मेलेल्या आवशीचो दिवस आसा. अर्ज दिलंस? लेखी दिलंस?" ते आता सरळ त्याच्याशीच बोलत होते आणि त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. आवाज चढला होता. गाडीत बसलेले लोक खिडकीतून बघायला लागले. "रजा म्हणजे भीक नव्हे. खय तुझो मॅनेजर? क्रांते, माझी पिशवी काढ गाडीतून. मी बोलतंय तेच्याशी. कायदो काय म्हणता ता मी सांगतंय तेका."

आणि मी पिशवी काढायला गेलेही. कारण हे अण्णा मला माहीत होते. कारखान्याच्या फाटकावर टेबलावर उभे राहून असंच बोलायचे, आणि खाली उभी मी, पत्रकांचा गठ्ठा छातीशी धरून, जगात यापेक्षा खरं काही असेल असं मला वाटायचं नाही. आजही वाटत नाही.

उदयने त्यांचा दंड धरला. "अण्णा, नको. मी कंत्राटावर आहे. कोणी घरचं येऊन भांडलं तर उद्यापासून येऊ नकोस म्हणतील. काढून टाकतील मला."

अण्णा थांबले.

काढून टाकतील. एवढा काळ त्यांना हेच तर हवं होतं. ही नोकरी सुटावी म्हणून त्यांनी स्वतःच्या मुलाशी बोलणं टाकलं होतं, आईचा शब्द त्यासाठीच धरून ठेवला होता. आता फक्त चालत जायचं होतं, त्या फाटकाच्या आत, ज्याच्या आत ते काल गेले नव्हते. मी पिशवी हातात घेऊन गाडीच्या पायरीवर उभी होते आणि ते काय म्हणतील याची वाट बघत होते. मनातून मला काय हवं होतं, ते अजूनही माझं मला सांगता येत नाही.

कंडक्टरने बेल दिली. अण्णांनी उदयचा हात दंडावरून काढला, झटकला नाही, नुसता काढला.

"रवांदे," ते म्हणाले. "काम सांभाळ."

मग त्यांनी माझ्या खांद्याला धरलं आणि गाडीत चढले.  

घरी

आईच्या दिवशी घरात आणि बाहेर कॉमन पॅसेजमध्ये पंगती बसल्या. वरण-भात, काळ्या वाटाण्याची आमटी, वडे. उदयचा सकाळी फोन आला होता, मळ्यातूनच, मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. मी फोन अण्णांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेले. ते काय बोलले ते मी ऐकलं नाही.

पहिल्या पंगतीत त्याच बायका होत्या, आईबरोबर घरोघर फिरलेल्या. आता सगळ्या म्हाताऱ्या. त्यांतल्या पार्वतीकाकूंनी पानावर बसता बसता विचारलं, "उदय खय? दिसाक नाय."

कोणी विचारलं तर 'बाहेरगावी असतो' म्हणायचं, असं आमचं वर्षभराचं उत्तर होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "कामार आसा."

"आजच्या दिवशी? खय आसता कामाक?"

"वाइनच्या कारखान्यात. दारूच्या." त्यांनी तो शब्द दबक्या आवाजात म्हटला नाही. "रजा दिल्यानी नाय तेका."

 काकू पानातल्या मिठाकडे बघत राहिल्या. अण्णा पाण्याचा जग घेऊन पुढच्या पानाकडे सरकले. गुडघे पुन्हा धरले होते, दर पानाशी वाकताना ते एक हात भिंतीला लावत होते आणि दुसऱ्याने पाणी वाढत होते.